पडद्यावर हिरवे असलेले गाव

प्रति,
मा. प्रमुख, माहिती तंत्रज्ञान विभाग,
ग्रामतार जोडणी प्रकल्प, सांगली.

विषय : आमच्या गावाचा हिरवा ठिपका लाल करण्याबाबत.
संदर्भ : तक्रार बंद केल्याची आपली तीन पत्रे.

महोदय,

माझी नात संयोगिता हिचे लग्न झाले त्या वर्षी, म्हणजे २०२१ साली, आपली इंटरनेटची तार आमच्या गावात आली. गाव खोलगटात आहे, मोबाईलला रेंज नाही. आरोग्य उपकेंद्रातल्या संगणकावरून सांगलीचे डॉक्टर पेशंट तपासत. माझी पत्नी साळूबाई हृदयाची पेशंट. दर मंगळवारी तिला त्या संगणकापुढे बसवत होतो.

तारेची पेटी आधी उपकेंद्रातच होती. वीज गेली की बंद पडे. देवीपुढचा दिवा विझू नये म्हणून यमाईच्या देवळात गावाने इन्व्हर्टर बसवला आहे. पेटी तिथे ठेवा, असे ग्रामसभेत मीच सुचवले. सर्वांना पटले. देवळापासून उपकेंद्रापर्यंत वेगळी तार ओढली.

यंदा मे महिन्यात ती तार जेसीबीने तुटली. उपकेंद्राची जोडणी बंद पडली, पेटी देवळात चालूच राहिली. आपले देखरेखीचे सॉफ्टवेअर दर पाच मिनिटांनी फक्त पेटीला हाक मारते. पेटी ओ देते. आपल्या पडद्यावर गाव हिरवे दिसते.

तीन तक्रारी केल्या. तिन्हींवर एकच शेरा, 'पडद्यावर हिरवे, तक्रार बंद'. जूनमध्ये स्वतः सांगलीला आलो. आपल्याकडच्या फिरदोस मॅडमनी खुर्ची दिली, पडदा दाखवला. "आजोबा, लाल झाल्याशिवाय मला माणूस पाठवता येत नाही," म्हणाल्या. मी साठीत अक्षरे शिकलो. हिरव्या ठिपक्यापुढचे गावाचे नाव मी स्वतः वाचले.

परत येऊन पेटी बंद करायला देवळात गेलो. गुरव नाथाजी म्हणाला, "आप्पा, त्याच बटणावर देवीचा दिवा हाय. हात लावू नगा." मी हात मागे घेतला. ते चुकले का बरोबर, अजून समजत नाही.

तरी पेटीऐवजी उपकेंद्राच्या संगणकाला हाक मारावी. ते जमत नसल्यास आमचे गाव हाताने लाल करावे. होईल असे वाटत नाही. तक्रारी पत्नीच्या नावे आहेत. समाधान झाल्याबद्दल तिची सही मागणारा आपला कागद काल आला, तो परत पाठवत आहे.

उत्तराची फार आशा न धरता,
आपला नम्र,
आकाराम जोतिबा खिलारे
मु. पो. बोरखडी, ता. कवठे महांकाळ
दि. २२ जुलै २०२४

सोबत :
१) आपली तीन पत्रे.
२) समाधानाचा कागद, सहीविना. साळूबाई आकाराम खिलारे मंगळवार, दि. ९ जुलै २०२४ रोजी सकाळी दहा वाजता उपकेंद्रात वारल्या.