नको तिथे ‘नाही’

लाइप्झिग,
१४ फेब्रुवारी

प्रिय वैदू,

‘तू मजेत असशील’ वगैरे लिहिलं तर तू पुढचं न वाचताच पत्र फाडशील, म्हणून ते सोडते. फोन तू उचलत नाहीस. शेजारच्या अन्वयचे आईबाबा उद्या परत निघालेत. तेही साताऱ्याचेच, हे पत्र तुझ्याच हातात देतील. काकूंच्या हातात द्यायचं नाही, असं मी त्यांना दोनदा बजावलंय.

इकडे गारठा तसाच. तुझी खोली एका बल्गेरियन मुलीला मिळाली. स्वभावानं भली आहे, पण आपल्या कढईत पास्ता उकळते आणि वर मलाच विचारते, “हे भांडं एवढं खोल कशाला?” तू असतीस तर तिची धडगत नव्हती.

माझा प्रबंध गेल्या महिन्यात दिला. तोच, वृद्धाश्रमातल्या संध्याकाळच्या ब्रेड-चीजवरचा. एकदा नापास झालेला, प्रबंधाला दोनच संधी, म्हणजे ही शेवटची. जाण्याआधी तू त्याचं पानन् पान तपासून दिलंस. विचार माझे, माझी मराठी वळणाची जर्मन वाक्यं सरळ केलीस तू. तसं केलेलं चालतं, फक्त ‘भाषा अमक्यानं तपासली’ अशी एक ओळ सुरुवातीला घालावी लागते. ती मी घातली नाही. विसरले गं, खरंच विसरले.

प्रबंधावर बोलायची वेळ आली तेव्हा माझी ततपप झाली. प्रबंध तपासणाऱ्या वीगांड बाईंना शंका आली, इतकं सफाईदार लिहिणारी मुलगी बोलताना अशी का अडखळते? समितीपुढे बोलावलं. समोर तिघं. बाईंनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “म्हणजे हे तुम्ही एकटीनं लिहिलेलं नाही?”

आणि मी दोन्ही हात हलवत म्हणाले, “नाइन, नाइन!”

वैदू, मला म्हणायचं होतं, छे छे, भलतंच काय, मीच लिहिलंय! ‘जेवली नाहीस वाटतं?’ असं कुणी विचारलं की आपण नाही का म्हणत, ‘नाही नाही, जेवले की’? तसंच. त्यांनी ऐकलं, ‘नाही, एकटीनं नाही लिहिलं.’ बाईंनी ते टिपून घेतलं आणि म्हणाल्या, “प्रामाणिकपणाबद्दल आभार.” त्यानंतर माझ्या तोंडून जे काही बाहेर पडलं त्याला जर्मन म्हणता येणार नाही.

भांडी घासताना तू कितीदा घोकून घेतलं होतंस! “ऋजे, नकारात विचारलं की ‘डॉख’ म्हणायचं. डॉख म्हणजे तुमचं म्हणणं चूक, मी लिहिलंय. नाही-नाही करत बसलीस तर कबूल केलंस असं होतं, म्हशी!” तो शब्द मला जिना उतरताना आठवला. धावत परत वर गेले, तर ती माणसं निघून गेली होती.

कुणी मदत केली, किती केली, हे लिहून द्यायला आठवड्याची मुदत मिळाली. त्यांचं समाधान झालं नाही तर ती फसवणूक ठरणार. मग हा विषय मला अख्ख्या जर्मनीत कुठेही शिकता येणार नाही. संख्याशास्त्रात तिसऱ्यांदा नापास झालीस तेव्हा तुझं झालं, तेच.

म्हणून तुझ्या घरी फोन केला. काकूंनी उचलला. “अगं, वैदू आंघोळीला गेलीय. पास होऊन आली ना, अख्ख्या गल्लीत कंदी पेढे वाटले आम्ही! तू कधी येतेस पास होऊन?”

मी म्हणाले, “येईन काकू.” आणखी काय म्हणणार होते?

सकाळी या ठिकाणी मी लिहिलं होतं की, तुला वाटलं तर माझ्या बाजूनं बोल, नाहीतर मी तुझं नाव घेणार नाही. ते पान फाडलं. ते खोटं होतं.

मी नाव दिलंय. कालच. वैदेही सदाशिव निकम, खाली साताऱ्याचा पत्ता. मला फार भीती वाटते गं. आईबाबांपुढे कुठल्या तोंडानं उभी राहू, काही सुचत नाही. मला इथून हाकलून घ्यायचं नाहीये.

आता समिती तुला पत्र पाठवेल, सोबत इंग्रजी प्रतही असते. तू अंतिम नापास होऊन नाव कमी झालेली विद्यार्थिनी, हे त्यात पहिल्याच ओळीत असेल. आणि तुझे बाबा टपाल हातात पडलं की नाव न बघता फोडतात, हे तूच हसत सांगायचीस. हे माझं पत्र त्याच्या आधी पोचेल. तेवढ्यात काकूंना तू स्वतः सांग.

मग जमलं तर समितीला खरं काय ते लिही. भाषा तू तपासलीस, बाकी सगळं माझं. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण लिही.

माफी मागत नाही. आज पुन्हा विचारलं तरी मी तुझं नाव देईन, मग माफी कसली मागू? शेवटी ‘तुझीच’ लिहिणार होते, पण हात धजला नाही.

नुसतीच,
ऋजुता