मुका कॉम्प्युटर आणि अक्कलकोटचा होकार

…तर दाजी, कॉम्प्युटर मुका हाय हे मी पयल्याच दिवशी सांगितलं होतं. तुमी म्हणालात, तुझ्याच कानात मळ आसंल. त्यावर मी काय बोललो ते आता उगाळत न्हाय, पण तवापासनं तुमी माझा फोन उचलत न्हाय, म्हणून हे पत्र. (शिरसाष्टांग नमस्कार वर लिहायचा राहिला, तो हितं घ्यावा. तुमचा गुडघा कसा हाय? अक्काला सांगा, शेंगाचटणी पोचली, डबा परत मागू नये.) मी सोलापुरात शुक्रवार पेठेत, गुरम्मा मावशीच्या खाणावळीवरच्या खोलीत सुखरूप हाय.

तुमच्या शाळेनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर तुमी उमदीहून एवढ्या लांब माझ्यासाठी धाडलात, उपकार हायत. तुमच्या सरांनी त्यात लिनक्स घातलं, कारण ते फुकट मिळतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत एवढं मला कळतं, पण गाईनं हंबरावं तरी का न्हाय? आधी मी हिरव्या भोकातली वायर गुलाबी भोकात घातली आन् गुलाबीतली हिरव्यात. मग स्पीकर उघडून धूळ फुंकली, ती डोळ्यात गेली. मावशीनं लिंबू उतरवला. शेवटी कंपनीतला एकजण म्हणाला, लिनक्सचं सगळं काळ्या पडद्यावर लिहून करायचं आसतंय. नेटवर बघून एक ओळ लिहिली, तर त्यानं पासवर्ड मागितला. मी बटणं दाबतोय, पण अक्षर काय उमटंना. म्हंजे आवाजाबरोबर अक्षरंबी गेली. कीबोर्ड उलटा करून आपटला, तर त्यातनं एक फुटाणा पडला (तुमच्या शाळेतलाच आसणार). चार दिवसांनी कळलं की पासवर्ड मुद्दामच दिसत न्हाय.

एवढं झाल्यावर पडद्यावर थर्मामीटरसारख्या उभ्या पट्ट्या आल्या. माईकच्या पट्टीखाली इंग्रजीत एमएम लिहिलेलं. आता मी चिंचोळीच्या कंपनीत दिवसभर बेरिंगची मापं घेतो, एमएम म्हंजे मिलिमीटर हे मला कुणी शिकवायचं कारण न्हाय. माल मापात हाय म्हणून हात लावला न्हाय. (एमएम म्हंजे माईक बंद, हे मला मागनं कळलं.)

आन् असल्या कॉम्प्युटरवर तुमी माझं बघणं ठरवलंत. अक्कलकोटच्या निंगप्पांना सांगून बसलात की पोरगा कॉम्प्युटरवाला हाय, कॉम्प्युटरवरच बोलंल. रविवारी अकरा वाजता मी भांग पाडून कॅमेऱ्यापुढं बसलो. पडद्यावर निंगप्पा, त्यांची बहीण, दोन काका आन् मागं त्यांची पोरगी शिवलीला. सगळ्यांची तोंडं हालतात, आवाज मात्र टिपूस न्हाय. मी बोललो तर तेबी कान पुढं करून बघतात. मी म्हणलं, मोठी माणसं विचारत्यात तवा मान हलवावी, त्यात काय चुकत न्हाय. ते बोलले, मी मान हलवली. परत बोलले, परत हलवली. शिवलीला खाली बघून हसली, तवा तर मी न विचारताच तीनदा हलवली.

आता ऐका काय झालं ते. मागच्या महिन्यात कॉम्प्युटर आला त्याच दिवशी मावशीच्या खाणावळीत गाणी लावायला म्हणून मी खालचा मोठा ब्लूटूथ स्पीकर ह्याला जोडला होता, वर खोलीत काय ऐकू येईना म्हणून तसाच सोडला. ह्यानं ते ध्यानात ठेवलं, मला मात्र पत्ता न्हाय. अक्कलकोटची सगळी बोलणी खाली खाणावळीत घुमत होती, चाळीस माणसं भाकरी हातात धरून ऐकत होती. मावशीनं वाढणं थांबवलं. निंगप्पांनी विचारलं, दारूबिरू न्हाय ना? मी मान हलवली. खाली लोक म्हणाले, बरोबर. निंगप्पांनी विचारलं, पगार दाजींनी सांगितला तसा अठ्ठावीस हजारच ना? मी मान हलवली. खाली एकाला ठसका लागला. मग त्यांनी विचारलं की लग्नानंतर अक्कलकोटला येऊन आमच्या पेंडीच्या दुकानात बसणार ना, तवा मावशी आमटीचा डाव हातात घेऊनच जिना चढली आन् दारातनं म्हणाली, "आरं नंदीश, मान हलवू नगं, तू पेंड विकायला बसलास!" पण मान तोवर हलून झाली होती.

पुढचं मावशीनं परत खाली जाऊन ऐकलं आन् मला मागनं सांगितलं. शिवलीलाची आत्या म्हणाली, पोरगा मुका दिसतोय. काका म्हणाले, मग तर लईच चांगलं. मोठे चहाला उठले तशी शिवलीला कॅमेऱ्याजवळ आली आन् म्हणाली, "तुमी मुके न्हाय, तुमचा माईक बंद हाय. पण मी घरात सांगणार न्हाय. आमच्या घरात गप्प बसून ऐकून घेणारा पुरुष पयल्यांदाच दिसलाय."

खाली चाळीस माणसांनी ताटं वाजवली म्हणं. मी वर मानच हलवत होतो.

संध्याकाळी अक्कलकोटहून होकार आला. असं आसताना आपलं भांडण आता मिटवावं. तुमचा कॉम्प्युटर, तुमचा लिनक्स, सगळं गुणाचं हाय. अक्काला नमस्कार, पोरांना पापा.

तुमचा मेव्हणा, सध्या गप्प,
नंदीश

ता. क. सोमवारी शिवलीलाचा फोन आला. एमएमच्या पट्टीवर जाऊन एम दाबा, एवढंच तिनं सांगितलं, आन् माईक चालू झाला. खालचा स्पीकरबी तिनंच सोडवून दिला. मग आमी कॉम्प्युटरवर तासभर बोललो, म्हंजे मीच बोललो. शेवटी ती म्हणाली, साखरपुड्यापर्यंत परत बंद ठेवा.

दुसरा ता. क. बोलता बोलता मी तिला खरा पगार सांगितला, सोळा हजार. ती जरा वेळ गप्प बसली. मला वाटलं, परत आवाज गेला. मग म्हणाली, मला चालंल, पण बाबांना ज्यांनी अठ्ठावीस सांगितलं त्यांनीच येऊन सोळा सांगावं, न्हायतर साखरपुडा न्हाय. आन् दाजी, पेंडीच्या दुकानाचंबी तुमीच निस्तरा. मला तोंड बंद ठेवायला सांगितलंय, तवा तुमाला उघडावं लागंल. रविवारच्या आत अक्कलकोटला जा, दाजी. मला तीच पायजे. निंगप्पा तापट हायत, पण तुमी गुडघ्याचं पुढं केलंत की बसायला खुर्ची तरी देतील. परतीचं भाडं त्यांचा होकार टिकला की धाडीन, सध्या पाकिटात नुसतं जायचं घातलंय, दोनशे दहा रुपये.