हिंगाची डबी

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे, गुडघाही फारसा कुरकुरत नाही. तुम्ही गोळ्या वेळेवर घेताय ना?

काल सुट्टीचं जेवण होतं. जावयाची भावंडं मुलाबाळांसकट आली होती. आपल्या चिमीला गहू सोसत नाही, तर जावयाने सगळ्यांचाच स्वयंपाक बिनगव्हाचा केला. "तिचं ताट वेगळं नको," म्हणाला. लाटणंसुद्धा नवं आणलं. जुन्याच्या लाकडात कणीक मुरलेली असते म्हणे!

मला कशाला हात लावू देईना. मला कुठलं बसवतंय! तो अंघोळीला गेला तशी मी डाळीला घरून आणलेल्या आपल्या डबीतल्या हिंगाची फोडणी दिली. त्याने आल्याआल्या वास ओळखला आणि डबीवरचं बारीक अक्षर वाचलं. हिंगात गव्हाचं पीठ! आख्खा संसार त्या हिंगावर केला, पण डबी कधी वाचली नव्हती. मागे बिस्किटाच्या तुकड्यावरून पोर आठवडाभर झोपून होती.

त्याने पातेलंभर डाळ टाकून दिली आणि जेवताना सगळ्यांना सांगितलं, "डाळ माझ्या हातून करपली."

"बाबा, तुला डाळ जमतच नाही!" चिमी म्हणाली. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तोच हसला. मी खाली मान घालून जेवले.

लग्नातल्या मानपानावरून व्याह्यांशी धरलेला अबोला आता सोडा. फोन करा, मुलगा चांगला वाढवलात म्हणा. हिंगाचं तेवढं बोलू नका.

तुमचीच,
चिमीची आजी