पंखाची मागची कड

सोमवार, चौदा तारीख

टिटवे,

आजीचा आशीर्वाद घे आणि आधी केस विंचर. परवाच्या फोटोत खराटा बरा दिसला असता.

मी बरी आहे. शेजारचा शिंपी दुपारी झोपतो आणि भिंतीपलीकडून मशीन चालवल्यासारखा घोरतो, तोही बरा आहे. तुला वाटेल, एवढ्यासाठी म्हातारीनं पत्र कशाला लिहिलं, फोन होता की. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये तोंड घालत नाही.

तर बातमी अशी, की तुझ्या पंखाची मागची कड थोडी उडाली. किंचाळू नकोस, बसवाल्यानं हातात दिलं की तू हे बसमध्येच वाचशील, आणि बस भरलेली असेल. तू उभी राहतेस त्या फळीला काही झालेलं नाही, तिच्या खालच्या दांड्यालाही नाही. दांड्याच्या टोकाला खाली पाण्यात राहतो तो मोठा काळा पंख, ज्याच्या जिवावर तू पाण्याच्या हातभर वर उडत जातेस, त्याची मागची कड नखाएवढी उडाली. तू सांगून गेली होतीस तसा तो गोड्या पाण्यानं धुतला, आत आणताना दारावर आपटला. झालं ते झालं.

मी लगेच दुरुस्तही केला. हसतेस काय? चौतीस वर्षं फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश केलं मी. शाळा दोन इयत्ता, पण काचकागदाचे नंबर तुझ्या मास्तरांना विचारले तर त्यांची पाटी कोरी निघेल. तू ठेवलेल्या डब्यात टवके भरायच्या रेझिनच्या दोन्ही बाटल्या होत्या, एक राळेची आणि एक ती घट्ट करणाऱ्या औषधाची. एकीतलं दोन भाग, दुसरीतलं एक भाग, स्वयंपाकाच्या काट्यावर तोलून घेतलं. पहिली वाटी फुकट गेली, भसाभसा ढवळलं तर हातात तापून दगड झाली. दुसरी सावकाश ढवळली. कडेला चिकटपट्टीचा बांध घातला, खाच भरली, एक अख्खा दिवस हात लावला नाही. मग दोनशेवीसचा कागद, मग चारशेचा पाण्यातून, सहाशे, हजार. पुढच्या कडेला मी शिवलेसुद्धा नाही. तिचा गोलवा बिघडला की पंख पाण्यात फरफटतो, हे तूच एकदा जेवताना हातवारे करून सांगितलं होतंस आणि आमटी सांडली होतीस.

पंख हाती आला की बोट फिरव, कुठे उडालं होतं ते सापडणार नाही. आमचा मिस्त्री म्हणायचा, ज्याची दुरुस्ती दिसते त्याची मजुरी कापा.

तुझ्या बापाचा रोज फोन असतो. 'जेवलीस का' नाही, 'कशी आहेस' नाही, पहिला प्रश्न, "आई, पडली नाहीस ना?" मागे न्हाणीत घसरले तेव्हापासून त्याला तेवढंच येतं. तेव्हा ठरलंच होतं आमचं, पुन्हा पडले तर ह्या दोन खोल्यांना कुलूप आणि मी त्याच्या तिसऱ्या मजल्यावर, त्या पोपटी भिंतीच्या खोलीत, जिच्या खिडकीतून समोरच्यांचे मोजे दिसतात. मी म्हटलं, "पडायला मला सवड नाही."

शुक्रवारी सकाळी बसवाल्याकडे पंख देते. रविवारची शर्यत जिंक नाहीतर हर, पण जेवून जा.

आजी

---

गुरुवार, सतरा तारीख

टिटवे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी घाईत होते, म्हणून चटकन ठेवला. घाई कसली ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाला घाई नसते असं कुणी सांगितलं?

तू विचारलंस, "आजी, नाण्यानं वाजवून पाहिलास का?" मी म्हटलं, पाहिला. ते खरं आहे. तू विचारायच्या आधीच पाहिला होता. कपाटावर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा आतून सुटला का ते आम्हीही बोटाच्या पेरानं वाजवूनच बघायचो. चांगला असेल तर टण्णकन बोलतो, सुटलेला असेल तर उशीवर थाप मारल्यासारखा. तू पुढे विचारलंस, "मग आवाज कसा आला?" तेवढ्यात माझं दूध उतू गेलं.

दूध उतू गेलं नव्हतं. दूध मी घेतलंच नव्हतं.

आज सकाळपासून हे पत्र तीनदा सोडलं नि तीनदा धरलं. पंख टेबलावर पालथा पडलाय. जाता येता डोळ्यात येतो, म्हणून त्यावर टॉवेल टाकला. मग टॉवेल वाळत घालायचा आठवला म्हणून काढला. पुन्हा टाकला. शिंप्याची बायको भाजी द्यायला आली, म्हणाली, "मावशी, कुणी पाहुणा झोपलाय का?" मी म्हटलं, "हो, फार बोलतो म्हणून तोंड झाकलंय."

ती म्हणाली, "आणि तुम्ही खुर्ची का ढकलत फिरताय?"

मी म्हटलं, "खुर्चीला फिरवून आणतेय."

बरं, आवाजाचं. मागच्या कडेला स्वच्छ आवाज येतो. टोकांनाही स्वच्छ. मध्ये, पंख दांड्याला बसतो ती बोल्टांची चार भोकं आहेत तिथं, तळहाताएवढ्या जागेत जरा बसका येतो. तिथं धातूचं काही असेल आत, म्हणून येत असेल. सगळे पंख तिथं तसेच बोलत असतील. तुझ्याजवळ दुसरा पंख आहे का वाजवून बघायला? असला तर बघ, आणि कळव. नसला तर राहू दे.

तुला शर्यतीचं शिकवणाऱ्या सरांना विचार, दारावर आपटल्यानं मधल्या जागेला काही होतं का. होत नाही म्हणतील. मलाही तसंच वाटतं. दारावर आपटल्यानं काही होत नाही.

शर्यतीत तू किती जोरात जातेस? मागे सांगितलं होतंस, मी विसरले. बसपेक्षा जोरात?

उद्या बसवाला येईल.

आजी

---

शुक्रवार, अठरा तारीख, सकाळ

टिटवे,

बसवाला बाहेर हॉर्न वाजवतोय. मी ओरडून सांगितलं, "थांब, शिंच्या, लिहितेय." म्हणाला, "आजी, पंख द्यायचा होता ना, लिहिता काय?" त्याच्याकडून पाच मिनिटं मागून घेतलीत. पंख देत नाही. हे पत्र देतेय, ते उभ्या उभ्या वाच.

त्या पंखावर बसायचं नाही. आधीच्या पत्रांत मी जे लिहिलं त्यातलं दारावर आपटणं खोटं आहे. बाकी सगळं खरं आहे, पण त्या एका खोट्यानं बाकीच्या खऱ्याची माती केली.

पंखावर मी पडले.

मागच्या शुक्रवारी दुपारी, मागच्या नळावर पंख धुऊन आत येताना. पायरी ओली होती, ओली मीच केली होती. पंख सोडून दिला असता तर कठड्याला धरता आलं असतं. पण तुझा पंख, तू दोन वर्षं त्या हॉटेलात कपबशा धुऊन घेतलेला, तो कसा सोडू? छातीशी धरला नि डाव्या कुशीवर आपटले. पायरीच्या कडेवर पंख, पंखावर मी. माझं वजन तुला माहीत आहे. कडाड असा आवाज आला. तो माझा की पंखाचा, ते कळलं नाही. पायरीवरचं ऊन भिंतीवर चढेपर्यंत तिथंच होते. मग ढुंगणावर सरकत आत आले. कुणाला हाक मारली नाही. हाक मारली की शिंपी येणार, शिंपी तुझ्या बापाला फोन करणार.

आत आल्यावर पहिलं काय केलं असेल? पंख पुसला. मधे भोकांपाशी केसासारखी रेघ होती. कडेचा टवका मी तुला सांगितला, ही रेघ नाही सांगितली. रेघ सांगितली असती तर तू विचारलं असतंस, दारावर आपटून मधोमध रेघ कशी पडते? तू मूर्ख नाहीस. म्हणून रेघेवरही रेझिन ओढलं, घासलं, काळं पॉलिश फिरवलं. इतकं बेमालूम काम मी चौतीस वर्षांत केलं नव्हतं. तूच काय, तुझे सर भिंग घेऊन बसले असते तरी रेघ दिसली नसती.

आणि तेच मला चार दिवस बसू देईना. आम्ही कपाटाचा तडा बुजवायचो. कपाट भिंतीला टेकून उभं राहतं, तडा आत राहिला तर राहिला, कुणाचा जीव जात नाही. मिस्त्री शाबासकी द्यायचा. मला ती एकच विद्या येते, झाकायची. तू त्यावर उभी राहून बसच्या वेगानं जाणार, पंख मधोमध तुटला की तू फळीवरून पुढे, नि तुटकी पात पाण्यात तुझ्याबरोबर. हे कळायला मला सर लागत नाहीत.

आज उजाडल्या उजाडल्या साठ नंबरचा कागद घेतला नि माझीच दुरुस्ती खरवडून काढली. रेघ आता केसाएवढी नाही, बोटभर लांब आहे आणि नख आत जातं. तुझ्या डब्यातलं रेझिन असल्या दुखण्याला पुरणारं नाही, आणि मला पुरवायचंही नाही. टवका घरी भरता येतो, हे नाही.

तुझ्या सरांकडे जुना जाड पंख आहे, ज्याला तू 'म्हैस' म्हणतेस. तो माग. म्हशीवर बसून शेवटची आलीस तरी चालेल. शर्यत सोडून इकडे धावत आलीस तर मात्र मी तुझ्याशी बोलणार नाही, सांगून ठेवते.

हे पत्र तुझ्या बापाला वाचून दाखव. ढुंगणाचं वगळ. मी त्याला फोन करायला तीनदा बसले, पण त्याचा 'आई, पडली नाहीस ना' ऐकला की माझं तोंड आपोआप 'नाही' म्हणतं. तू सांग. तो म्हणेल, मी म्हटलंच होतं. म्हणू दे, त्याचा हक्क आहे. पोपटी रंग मात्र बदलायला सांग. तेवढं मी मागू शकते.

डाव्या पायावर भार देता येत नाही. मागच्या शुक्रवारपासून येत नाही. खुर्ची ढकलत स्वयंपाकघरापर्यंत जाते, परत येते. डॉक्टरला दाखवायचं आहे, ते मी लपवत होते, आता नाही.

बसवाल्यानं चौथ्यांदा हॉर्न वाजवला. त्याला खिडकीतूनच कागद देते. शर्यत संपली की या, तू नि तुझा बाप, दोघंही या. दार वाजवत बसू नका, मला उठून यायला वेळ लागतो. दाराला आतून कडी घातलेली नाही. ढकललं की उघडेल.

आजी