दारावरचा दोनचा आकडा

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? जावयांनी आणलेला पट्टा तू कपाटात ठेवतेस आणि ते आले की तेवढ्यापुरता बांधतेस, असं कळलं. (कोणाकडून ते विचारू नकोस.) मी मजेत आहे. एकट्याचं सगळं छान चाललंय, काळजी नको.

गेल्या मंगळवारी जंताच्या गोळ्या वाटणारी नर्स आली. आमच्याकडे दर सहा महिन्यांनी त्या घरोघर देतात आणि जितक्या माणसांना दिल्या तितका आकडा खडूने दारावर लिहून जातात. तुझी भावजय या बाबतीत फौजदार होती. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची, नाहीतर एकाचे जंत दुसऱ्याला, असं म्हणून ती मला "आ करा" म्हणायची आणि जिभेखाली बघायची. (मी एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. साहेब माझ्यावर कपाटाच्या किल्ल्या सोपवून जात. हिचा विश्वास माझ्या जिभेखालीच संपायचा.)

ही नर्स नवी. तिने दारावरचा मागच्या खेपेचा दोनचा आकडा पाहिला आणि दोन गोळ्या काढल्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझी मी चावून खाल्ली. "काकूंना बोलवा, गोळी आमच्यासमोरच घ्यावी लागते." मी म्हटलं, आंघोळीला गेलीय. तर ही बया पायरीवर बसलीच! मग पुरावा म्हणून मी आत जाऊन नळ सोडला, दोन तांबे पाणी फरशीवर ओतलंही, आणि बाहेर येऊन उकाड्याबद्दल बोलत बसलो. (मी, ताई! जो शेजाऱ्याशीही उकाड्याबद्दल बोलत नाही.) वीस मिनिटं गेली. बादली भरली, मोरी तुंबलेली, पाणी बोळातून थेट तिच्या चपलांपर्यंत आलं. "अहो काका, काकू पडल्या तर नाहीत ना?" म्हणत ती धावली आणि न्हाणीघराचं दार ढकललं. आत वाहणारी बादली आणि दांडीवर माझा एकट्याचा टॉवेल.

मी म्हटलं, तिला जाऊन चार महिने झाले.

तिने नळ बंद केला, दुसरी गोळी परत डब्यात टाकली आणि ओलं फडकं घेऊन दारावरचा आकडा पुसायला निघाली. मी म्हटलं, तेवढा राहू दे. तिने त्याच्याखाली बारीकसा एक लिहिला.

तुझा,
धाकटा

ता. क. गोळीचा काही त्रास झाला नाही. जंतही पडले नाहीत. ते दिसतीलच असं नाही, म्हणे.

ता. क. वर 'मजेत' लिहिलं आहे ते सवयीने.

आणखी एक. पाहुण्यांनाही गोळी मिळते, असं नर्स जाताना म्हणाली. पुढची फेरी सहा महिन्यांनी आहे. तू थोडी आधी आलीस तरी चालेल. म्हणजे या महिन्यात. मोरी साफ करून घेतली आहे. पुढच्या वेळी दोन माणसं असतील, असं मी तिला सांगून बसलोय. या खेपेला तरी मला खोटं पाडू नकोस.