उशिरा येणारं हसू

ता. ६ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद. थोरली बहीण म्हणून द्यायचे असतात म्हणून देतेय, मनापासून आलेत असं समजू नकोस.

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला हसवतोस आणि विषय बदलतोस.

शनिवारी तुझा कार्यक्रम बघायला शेजारची नर्सबाई, तिची सासू आणि वरच्या मजल्यावरचे चष्मेवाले माझ्याच खोलीत जमले होते. टीव्हीवरच्या माणसाची सख्खी बहीण म्हणून मान मिरवत मी सगळ्यांना बसायला दिलं आणि स्वतः दाराला टेकून उभी राहिले. तू आलास. चकचकीत कोट, आणि कोटाच्या पुढे पोट. सगळे खूश. मग तू सांगितलंस की तुझ्या मेहुण्याचे कान छापखान्याच्या मशीनने खाल्ले, म्हणून तुझी बहीण जन्मभर ओरडून बोलली. आता तो नाही, तरी रोज सकाळी त्याच्या रिकाम्या खुर्चीशी ओरडूनच बोलते. का, तर खुर्चीलाही कमी ऐकू येतं.

नर्सबाईची सासू खळखळून हसली, मग माझ्याकडे बघून तिने खोकल्याचं नाटक केलं. गेल्या महिन्यात राहायला आलास तेव्हा सकाळी पांघरुणात डोकं घालून घोरत होतास. ते घोरणंही खोटंच होतं तर. पाहुणा म्हणून आलास आणि चोर म्हणून गेलास.

तेही मी पोटात घातलं असतं. लहानपणापासून माझ्यावरच तुझा धंदा चाललाय. पण त्या विनोदावर सगळं सभागृह हसून गप्प झालं, आणि मग उशिरा, एकटेच, हे हसले. आधी शिट्टीसारखा लांब श्वास, मग फाटक्या पोत्यातून बटाटे घरंगळावेत तसं. तीस वर्षं ऐकलेलं हसू मी ओळखणार नाही? माझ्या हातातला कप कलंडला आणि चष्मेवाल्यांच्या पायावर चहा सांडला.

माणूस जाऊन वर्ष होत आलं. तो तुझ्या कार्यक्रमात हसतो कसा, ते मला सरळ कळव. आडवळणं नकोत.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तुझं उत्तर वाचून ठरवीन.

तुझी ताई


ता. १३ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी पोटाला हात लावून बघितला. तू म्हणतेस तेवढं पुढे नाहीये.

आता सरळ उत्तर. माझा पहिला प्रयोग रेकॉर्ड झाला तेव्हा भावोजी पहिल्या रांगेत होते, आठवतं ना? त्यांचं हसू त्यात स्वच्छ आलंय. आमच्या साउंडवाल्याला ते इतकं आवडलं की त्याने ते वेगळं काढून ठेवलं. टीव्हीवर जे हसणं ऐकू येतं त्यातलं निम्मं असं साठवलेलंच असतं, जिथे कमी पडेल तिथे घालतात. भावोजींचं हसू तर आता कार्यक्रमाची ओळख झालंय. दिग्दर्शक म्हणतो की विनोदाला लोक एकदा हसतात आणि त्या मागाहून येणाऱ्या हसण्याला दुसऱ्यांदा.

ताई, जरा वेगळ्या बाजूने बघ. घराघरात दर शनिवारी भावोजी हसतायत. माणूस अमर झाला. आणि खुर्चीचा विनोद मी प्रेमाने केला गं. लोक मला रस्त्यात थांबवून विचारतात, तुमची ताई कशी आहे.

राग गिळ आणि पाणी पी. लोभ असाच राहू दे, कमी-जास्त झाला तरी चालेल, पण तोडू नकोस.

तुझा
भोपळ्या


ता. १९ फेब्रुवारी

चि. भोपळ्यास आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, एकच.

अमर म्हणे. रस्त्यात विचारणाऱ्यांना सांग की ताई संतापलीय.

तुला एक गोष्ट माहीत नाही ती सांगते. मामांच्या मुलीच्या लग्नात मी घडीच्या खुर्चीवर बसले आणि खुर्ची मला घेऊन मिटली. दोन्ही पाय वर. सगळा मांडव हसला, तूही हसलास, नंतर वर्षभर नक्कल केलीस. हे नाही हसले. तोंड गंभीर ठेवून मला उचललं, साडी झटकली, पाणी आणून दिलं. घरी आलो, दाराला कडी घातली, आणि मग जे हसायला लागले ते खाटेवरून खाली पडले. मीही हसले. तो आमचा रिवाज होता. घरात मला हसायला त्यांना पूर्ण मुभा, चारचौघांत कधी नाही. एकदाही नाही.

आणि तू त्यांना चारचौघांत मला हसायला लावलंस. जिवंतपणी जे केलं नाही ते मेल्यावर करायला लावलंस, आणि नाही म्हणायला ते आहेत कुठे?

या शनिवारपासून ते हसू काढून टाकायचं. माझ्यावरच्या विनोदातूनच नाही, सगळ्यातून. तुझ्या साउंडवाल्याला सांग, त्याच्या बापाचं हसू घाल.

ताई


ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र तीनदा वाचलं. खुर्चीचा विनोद काढला, पुन्हा करणार नाही. लग्नातली नक्कलही बंद.

पण हसू काढ म्हणू नकोस. कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. भावोजी गेल्यावर पहिल्या प्रयोगाला मी स्टेजवर अडकलो. विनोद झाला, लोक हसले, आणि मी पुढे बोलेचना. त्यांच्या हसण्यासाठी थांबायची इतकी सवय होती की ते आल्याशिवाय पुढचं वाक्य आठवत नव्हतं. तेव्हापासून साउंडवाला प्रत्येक प्रयोगात ते बारीक आवाजात माझ्या बाजूच्या स्पीकरवर सोडतो. लोकांना कळतही नाही. ते हसले की माझी गाडी पुढे जाते.

घरात मला कुणी किंमत देत नव्हतं तेव्हापासून तो माणूस माझ्या विनोदांना हसलाय. बाबा म्हणायचे याचं काही होणार नाही, आणि भावोजी पहिल्या रांगेत बसायचे. ताई, ते तुझा नवरा होते हे खरं. पण ते हसू माझं होतं. तेवढं मला ठेवू दे.

तुझा लोभ मागायची हिंमत नाही, तरी मागतो.

भोपळ्या


ता. १ मार्च

चि. भोपळ्यास

ते हसू तुझं होतं, हे तू लिहायला नको होतंस. मी हे बोलणार नव्हते.

ह्यांना तुझा एकही विनोद ऐकू आला नाही. स्पीकरवर स्वच्छ ऐकू येतं असं ते तुला सांगायचे, कारण तू मेहुणा आणि तुझं तोंड पडलेलं त्यांना बघवायचं नाही. स्पीकरवर त्यांना नुसती घरघर ऐकू यायची. डावा कान थोडा शिल्लक होता, म्हणून मी कायम त्यांच्या डावीकडे बसायची. तू बोललास, लोक हसले, की मी त्यांच्या कानाला तोंड लावून तो विनोद सांगायची. मग ते हसायचे. एवढा उशीर कशामुळे व्हायचा असं तुला वाटलं होतं?

आणि दर वेळी तुझाच विनोद सांगायची असंही नाही. बरेचदा तो इतका पडलेला असायचा की मी दुसरंच काहीतरी सांगायची. तुझ्या पँटची शिवण उसवलीय म्हणून, किंवा पलीकडच्या बाई झोपेत मान डोलावतायत म्हणून. तुझ्या त्या पहिल्या प्रयोगाला मी काय सांगितलं ते मला आठवतंय, पण तुला सांगणार नाही. ते माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं.

त्यांचा तुझ्यावर जीव होता. त्यात खोट काढू नकोस, मी काढू देणार नाही. बहिऱ्या माणसाने प्रत्येक प्रयोगाला येऊन बसणं सोपं नसतं. ते येणं तुझं. हसू माझं आहे. माझं मला परत दे.

ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस नमस्कार.

काढलं. साउंडवाल्यासमोर बसून सगळीकडून पुसायला लावलं. दिग्दर्शक आठवडाभर बोलत नाहीये.

काल प्रयोग होता, सभागृह भरलेलं. पहिला विनोद झाला, लोक हसले, आणि मी थांबलो. काहीच आलं नाही. डावीकडच्या स्पीकरकडे बघत उभा राहिलो. मागून कुणीतरी ओरडलं, झोपलात का साहेब. त्यावर लोक माझ्या विनोदापेक्षा जास्त हसले. कसंबसं पुरं केलं.

तुझ्यावर रागावलोय. खोटं कशाला बोलू. तू पत्रात सांगितलं नसतंस तर जन्मभर मला वाटत राहिलं असतं की एक माणूस तरी मनापासून हसला. आणि राग असूनही विचारतो, पुढच्या प्रयोगाला येशील का? पहिल्या रांगेत ये. हसू नकोस, नुसती बस.

भोपळ्या


ता. २१ मार्च

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

येणार नाही. ओरडणाऱ्याचा पत्ता मिळाला तर कळव, त्याला मी बघते. माझ्या भावाला मी बोलेन, दुसऱ्याने बोलायचं काम नाही. पण मी येणार नाही.

मी आले की तू माझ्याकडे बघशील. उद्या मला कुठेतरी बसवून ठेवशील आणि परवा मीही तुझ्या त्या साठवणीत जाईन.

रागावलास हे बरं केलंस. मीही अजून रागावलेलीच आहे, आपण दोघं रागावून बसू. पण रडगाणं मला ऐकवू नकोस. विनोद झाल्यावर तुला क्षणभर रिकामं वाटतं, मग पुढचं वाक्य असतं, लोक असतात, दिवे असतात, टाळ्या असतात. माझ्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत तेच आहे आणि मध्ये टाळ्या नाहीत. तुझी अडचण विनोदाएवढी आहे, माझी घराएवढी आहे.

ती जागा भरायला जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाचं हसू आणून तिथे चिकटवू नकोस. थांब, काही येणार नाही हे बघ, आणि पुढचं बोल. सवय कर. मला करावीच लागली.

लोभ आहे. तो काही तू मागितलास म्हणून नाही.

तुझी ताई