घर विकणे आहे, मध्यस्थ नकोत

प्रिय मिस्त्री,

अकरा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील, म्हणून आधीच सांगते, सगळे सुखरूप आहेत. लेक मजेत आहे, जावई आणखी जाड झालाय आणि गुडघे सोडले तर माझंही काही दुखत नाही. बातमी एकच. आपलं घर विकायचं ठरलं, गिऱ्हाईकही मिळालं, आणि ते मी एकटीने मिळवलं. मध्ये दलाल नाही, कुणी नाही. टपाल कचेरीत तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लावणाऱ्या बाईने आपलं घर आपल्या तोंडाने विकायला काढलं. तुला काही कळवू नकोस असं मी लेकीला बजावलं होतं. हे मलाच सांगायचं होतं.

कारण तसं साधं आहे. जिना चढताना गुडघे कुरकुरतात, आणि मी गेलं वर्षभर खालच्याच खोलीत झोपते. लेकीच्या मागच्या गल्लीत एका घड्याळजींच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. उजेड भरपूर, पायरी एकही नाही. ते म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, पुढे माझा नाइलाज आहे." म्हणून आधी रीतसर एका दलालालाच बोलावलं. बूट असे चकचकीत, की माझी फरशी मलाच मळकी वाटायला लागली. सगळं घर फिरून झाल्यावर म्हणाला, "बाई, घर झकास आहे. फक्त तुम्ही बोलू नका." न्हाणीघराच्या भिंतीची ओल कपाटाआड ढकलायची, भिंतीवरचे फोटो उतरवायचे, आणि साहेब कुठे असतात असं कुणी विचारलं तर 'परगावी' एवढंच म्हणायचं. तसं ते खोटंही नव्हतं, तू परगावीच असतोस. पण माझ्याच घरात मी काय बोलायचं हे त्याने का ठरवावं? त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग पत्र्याचा एक तुकडा आणला, निळा रंग आणला आणि स्वतः पाटी रंगवली. 'घर विकणे आहे, मध्यस्थ नकोत.' शेवटचा 'त' मावेना, तो बिचारा खालच्या ओळीत एकटाच लोंबकळत राहिला. पाटी लागली आणि पहिले चार फोन मध्यस्थांचेच आले. शेजारच्या मुख्याध्यापिकाबाई आठवतात ना? त्या रोज कुंपणापाशी उभ्या राहून माझी परीक्षा घ्यायच्या. मी एका जोडप्याला ओल दाखवली, स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने कशी आपटते ते दाखवलं, पश्चिमेच्या भिंतीला दुपारी हात लावला तर चटका बसतो हेही सांगितलं. ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "अगं, तू घर विकतेस की घराची तक्रार नोंदवतेस?" मी म्हटलं, जो राहायला येणार त्याला उद्या कळणारच आहे, मग आज माझ्याकडून कळलेलं काय वाईट?

माणसं तरी किती तऱ्हेची येतात रे. एक नवविवाहित जोडी स्वयंपाकघरात सासूच्या खोलीवरून इतकी भांडली, की मी मधे पडून दोघांना पाणी दिलं आणि म्हटलं, आधी तुमचं ठरू दे, घरं काय मिळतात. एक बाई तर फक्त माझे पडदे कुठून आणले ते विचारून गेल्या. आणि एक हातात मोजायची टेप घेऊनच आला. कंत्राटदार होता. कलिंगडावर टिचकी मारावी तशा भिंतींवर टिचक्या मारत फिरला. मी ओलीचं सांगायला लागले, तर म्हणाला, "असू द्या हो, सगळं पाडायचंच आहे." किंमत मी सांगितली तीच द्यायला तयार, घासाघीस नाही. महिना संपायला नऊ दिवस राहिले होते. मी उद्या सांगते म्हटलं खरं, पण दुसऱ्या दिवशी फोन हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी नाही म्हणून कळवलं. लेकीने कपाळाला हात लावला. म्हणाली, "आई, तुला घर विकायचंय की दत्तक द्यायचंय?" घड्याळजींच्या खोल्या हातच्या जाणार, असं मी मनाशी धरूनच चालले होते.

तीन दिवसांनी एक परिचारिका आली, तिचा बेकरीवाला नवरा आणि तिचे वडील. नवरा पहाटेपासून भट्टीपाशी उभा असावा, आल्याआल्या खुर्चीवर टेकला तो पेंगायलाच लागला. परिचारिका मात्र माझ्या मागोमाग फिरली, प्रत्येक दोष नीट ऐकून घेतला, आणि खिडकी आपटते म्हटल्यावर हसून म्हणाली, "आमच्या वॉर्डाची पण आपटते, मला त्याशिवाय चैन पडणार नाही." वडिलांची नजर जवळजवळ गेलेली. त्यांना खाली बसा म्हटलं, पण म्हातारा ऐकेना. कठडा धरून एकटेच जिना चढायला लागले. मी मागोमाग पहिल्या पायरीपर्यंत गेले. शेवटच्या पायरीपाशी ते थबकले. अंगठा कठड्यावर मागे-पुढे फिरवला. मग वरून विचारलं, "इथे खाच कुणी केलीय?"

मिस्त्री, मी ती खाच साफ विसरले होते. माझ्या आईची नजर अधू झाली तेव्हा जिना कुठे संपतो ते तिच्या हाताला कळावं म्हणून तू वर एक आणि खाली एक अशा दोन खाचा केल्या होत्यास. पॉलिश करून इतक्या गुळगुळीत, की डोळस माणसाला दिसूसुद्धा नयेत. तुझ्या सासूने तुला तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही, पण रोज चारदा तिथून हात फिरवून गेली. मी खालून म्हणाले, "माझ्या नवऱ्याने." आणि माझाच आवाज मला परका वाटला. किती वर्षांत हा शब्द मी उच्चारला नव्हता. आजोबा म्हणाले, "त्यांना सांगा, पोचलं." मग तसेच न चाचपडता खाली उतरले आणि आपल्या लेकीला म्हणाले, "मला हे घर कळलं." त्यांना किंमत थोडी जड जात होती, मी थोडी उतरवली, आणि घड्याळजींना त्याच संध्याकाळी खोल्या घेते म्हणून कळवलं. तू असतास तर जास्तच उतरवली असतीस, म्हणून त्याबद्दल बोलूच नकोस.

त्या दिवसापासून तुझ्याबद्दल विचार करतेय, आणि आश्चर्य म्हणजे राग न येता. तू सहा महिन्यांसाठी म्हणून त्या बोटींच्या कारखान्यात गेलास, सहाचे अठरा झाले. मी चिडून लिहिलं, आता येऊच नकोस. आणि तू आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलंस. बोटीच करायच्या होत्या तुला, हे मला तेव्हाही माहीत होतं. नुसतं म्हणाला असतास तर मी सामान बांधलं असतं की नाही, कोण जाणे. पण विचारायला हवं होतंस, आणि मीही विचारायला हवं होतं. असो. माझे दिवस वाईट गेले नाहीत. लेकीचं लग्न झालं, नोकरी मानाने संपली, सकाळी उठून ज्याचं तोंड बघायचं ते आरशातलं असलं तरी हसरं असतं.

आता मुद्द्याचं लिहिते. वकीलबाईंनी कागद तपासले तेव्हा विचारलं, दुसऱ्या मालकाची सही कुठे आहे? माझ्या त्या चिडक्या पत्रानंतर वर्षभराने तू घरावरचा तुझा अर्धा हक्क सोडल्याचा कागद सही करून पाठवला होतास, सोबत चिठ्ठी होती, 'नोंदणीला बोलाव, एका दिवसाचा येईन.' मी बोलावलंच नाही. वकीलबाईंना म्हटलं, राहून गेलं. ते खरं नाही. कागद नोंदवला असता तर हे घर माझ्या एकटीचं झालं असतं, आणि तसं मला ते नको होतं. तेव्हा अर्धं घर अजून तुझंच आहे, त्याचे अर्धे पैसेही तुझेच, आणि तुझ्या सहीवाचून त्या आजोबांना ते मिळायचं नाही. नोंदणी मंगळवारी सकाळी अकराला आहे. पण तू सोमवारीच ये. वरच्या खोलीतलं सामान मी अजून बांधलेलं नाही, त्यातलं काय न्यायचं ते एकटीने ठरवायचा मला कंटाळा आलाय. एका दिवसाचं मात्र येऊ नकोस, दोन-चार कपडे जास्त घे.

तुझीच,
अजूनही